सरांच्या गाडीचं बॉनेट

माझी आई दादरच्या मासळी बाजारात तीस वर्षं एकाच कोळणीकडून मासे घ्यायची. दोघी एकमेकींच्या घरच्या बारशांना जाऊन आलेल्या. तरी सुरमई हातात आली की आई तिचा कल्ला उचकटून आत लाल आहे का ते बघायचीच, आणि कोळणीलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. लालबागच्या चाळीत वाढताना मी हे कितीदा पाहिलं असेल. पण गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

गाडी आमच्या सरांकडे होती. शाळेत गणित शिकवायचे ते सर. आता ऐंशीच्या घरात आहेत, शिवाजी पार्कला राहतात, सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतात. तिथेच भेटले. म्हणाले, "मुलगा परदेशी गेला. त्याची स्पोर्ट्स सेडान खाली उभी आहे. बाहेरच्याला द्यायची नाही, आपल्याच विद्यार्थ्याला द्यायची." मी लोण्यासारखा विरघळलो. माझ्या मुलीला पनवेलच्या पुढे नोकरी लागली होती. रोज अटल सेतूवरून जायचं-यायचं, तेव्हा भरवशाची गाडी हवी होती. तसली ठेंगणी, रुंद चाकांची, पाय ठेवला की सुटणारी गाडी ही मात्र माझी जुनी हौस, मुलीच्या नावावर भागवून घेत होतो.

शाळेतला माझ्या बाकावरचा मित्र परळला गॅरेज चालवतो. त्याने फोनवरच बजावलं होतं, "असली गाडी कोण हळू चालवायला घेतो का रे? कधीतरी ठोकलेलीच आहे असं धरून चाल. इंजिन थंड असताना चालू कर. बॉनेट उघडून नटबोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का बघ. काचेच्या कोपऱ्यात साल असतं, ते गाडीशी जुळवून घे. सीटबेल्ट शेवटपर्यंत खेच. आणि चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझतो, तो बाकीच्यांच्या बरोबर विझतो की स्वतःच्या वेळेने, ते बघ."

सगळं कागदावर लिहून घेतलं, कागद खिशात घातला आणि मुलीला घेऊन सरांकडे गेलो. आणि गेल्या गेल्या वाकून पायाला हात लावला. तिथेच सगळं संपलं. ज्याच्या पायाला हात लावला त्याला लगेच "जरा बॉनेट उघडा" असं कसं म्हणणार? बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मुलीला बेसनाचा लाडू दिला. सरांनी तिला कुठे नोकरी, किती वाजता निघतेस, सगळं विचारलं. रोज हीच चालवणार, हे मीच कौतुकाने सांगितलं. खाली गेलो तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली. "तुम्ही येणार म्हणून," सर म्हणाले. मला ते चहा गाळून ठेवल्यासारखं वाटलं. मी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला उगाच बुटाने टोचलं आणि घेतो म्हणून शब्द दिला. कागद खिशातच. सर म्हणाले, "आधी बाप्पाच्या पायावर घालून आण. व्यवहार मग बघू." चावी त्यांनी मुलीच्याच हातात दिली.

प्रभादेवीला जाऊन आलो. पुजाऱ्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. परतताना मुलगी म्हणाली, काकांना दाखवू या. म्हणून परळकडे वळलो. पुलावर तिने जरा पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की आम्ही दोघंही हसलो.

मित्राने हार बघितला, कुंकू बघितलं आणि मला विचारलं, "चेक काय काय केलंस?"

"अरे, सरांची गाडी आहे," मी म्हणालो.

"तू सर विकत घेतोयस की गाडी?"

त्याने समोरच्या काचेवरचं साल वाचलं. ते गाडीच्या सालापेक्षा तीन वर्षांनी पुढचं होतं, म्हणजे काच बदललेली. मुलीच्या बाजूचा पट्टा ओढला, तो निम्म्यात अडकला. चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला आणि शेजारच्या दिव्याबरोबर, अगदी त्याच क्षणी विझला. "शेजारच्याच वायरवर टाकलाय, म्हणजे एअरबॅगमध्ये घोटाळा असला तरी विझणार," तो म्हणाला. मग बॅटरी सोडली, थोडा वेळ थांबला आणि स्टिअरिंगच्या मधलं झाकण काढलं.

आत काही नव्हतं. म्हणजे स्पंजचा एक तुकडा होता, झाकण खुळखुळू नये म्हणून कोंबलेला. डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या आतही तेच. थोड्या वेळापूर्वी माझी मुलगी त्या पोकळ चाकामागे बसून पुलावरून सुसाट आली होती, आणि मी शेजारी बसून हसत होतो. मुलगी स्पंजचा तुकडा हातात घेऊन नुसती बघत राहिली.

मित्र म्हणाला, "सरांना कुठून माहीत असणार? पोराने परस्पर कुठेतरी स्वस्तात करून घेतलं असेल." ते मला पटलं. पटवून घेतलं. मुलीला टॅक्सीने घरी पाठवलं आणि स्वतः जीव मुठीत धरून, अगदी कडेकडेने गाडी शिवाजी पार्कला परत नेली. म्हाताऱ्या माणसाला हे कसं सांगायचं, वाटभर मला याचीच काळजी.

सर गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हणालो, "सर, गाडीत एअरबॅग नाहीत. काढलेल्या आहेत."

ते दचकले नाहीत. पेपराची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "काढलेल्या नाहीत, उघडल्या होत्या. माहीमच्या वळणावर पोराने खांबाला दिली. त्या फुग्यांमुळेच वाचला तो. ओरखडासुद्धा नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात, पण मला त्या क्षणी पैशाचं काही नव्हतं. म्हणजे त्या फुग्याची किंमत या घरात जितकी ठाऊक होती तितकी अख्ख्या मुंबईत कुणाला नसेल.

"सर, माझी मुलगी रोज चालवणार, हे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलंस," ते म्हणाले. "पण तू काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो नसतो. बाहेरचे चार जण येऊन गेले. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते गेले."

आवाजात ना शरम, ना राग. फळ्यावरची एखादी पायरी समजावून सांगावी तसं शांतपणे. मी समोरच्या खुर्चीत तिचा दांडा धरून बसलो होतो. आतून बाईंनी चहा घेणार का विचारलं.

"असू दे," सर म्हणाले. "तुला नको तर नको. उद्या अजून एक जण येतोय. तुझ्यानंतर दोन वर्षांनी होता शाळेत. त्याच्या घरात लहान बाळ आहे, त्याला मोठी गाडी हवी आहे."

"त्याला सांगाल ना?"

"विचारलं तर सांगेन."

चावी माझ्या मुठीत होती. दुसरी त्यांच्या मुलाबरोबर परदेशी गेली होती. मी ती टेबलावर ठेवली नाही. "उद्या तो आला की मला फोन करा, चावी घेऊन मीच येतो," म्हणालो, आणि सर "बस जरा" म्हणत असताना उठलो.