गाढीच्या चिखलात

आजोबांनी जलरंगात काढलेलं गाढी नदीवरच्या जुन्या दगडी पुलाचं चित्र आमच्या नवीन पनवेलच्या घरात आहे. काका म्हणायचे, ते कॅलेंडरवरून उतरवलंय. मला ते पटत नसे. जागेवर जाऊन चित्र ताडून पाहायचं ठरवलं; मोबाइलवर काढलेल्या चित्राच्या फोटोत बारकावे दिसेनात, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी फ्रेमच काखेत मारली आणि एका दुपारी गाढी नदीवर गेले.

ओहोटी होती. पूल केव्हाच पडलेला, पण एक खांब शिल्लक होता आणि त्याच्यामागे डोंगराची अगदी चित्रातलीच रेघ. म्हणजे आजोबा इथेच बसले होते! त्या आनंदात मी पुढे सरकले आणि मांडीपर्यंत चिखलात रुतले. एक पाय उपसावा, तर दुसरा आणखी खाली जाई. तेवढ्यात खाडीकडून भरतीचं पाणी आत शिरताना दिसलं.

काठावर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडणाऱ्या एका बाईने मला पाहिलं. ती धावतच आली.

"बाय, हालू नको! ती फ्रेम चिखलावर टाक नि तिच्यावर आडवी हो!"

"अहो, आजोबांचं चित्र आहे!"

"पानी आलं, बाय!"

मी चित्र पालथं टाकून त्यावर छाती टेकली. काच कडकन फुटली, पण आधार मिळाला. तिने कडेच्या दगडावर पाय रोवून माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढून बाहेर काढलं, मागोमाग फ्रेमही उचलली. चित्रातलं निम्मं आभाळ चिखलाने बरबटलं होतं.

"आता काय नाय होत," ती म्हणत राहिली. रस्ता येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.