नेकेसा काल आली होती

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतोय — ठाऊक नाही. गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही. कॉलेज सुटलं की गाडी काढतो, औरंगपुऱ्यातून क्रांती चौकात येतो, वळतो, पुन्हा तिकडंच. काम काहीच नसतं.

इथल्या एका मेडिकल कॉलेजात मी शिकवतो. त्याआधी काही वर्षं केनियात होतो, एका छोट्या गावच्या दवाखान्यात. आमचं संशोधन होतं — तापलेल्या लेकरांना त्यांच्या आया दवाखान्यात उशिरा का आणतात? तिथली एक हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. एका बाईचं पोर मलेरियानं फणफणलं. ती आधी वैदूकडं गेली. आमच्याकडं आली तेव्हा झटके सुरू झाले होते. पोर गेलं. "रोगानं नाही, अडाणीपणानं गेलं," असं म्हणून मी थांबतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात.

यंदा त्या वर्गात वांजिरू नावाची केनियाची मुलगी आहे. तास संपल्यावर ती जवळ आली.

"सर, त्या बाईचं नाव काय होतं?"

"आठवत नाही गं आता."

आठवत होतं. नेकेसा. कसं विसरेन? वांजिरू "बरं सर" म्हणून निघून गेली. तिच्या आवाजात संशय नव्हता — मग घाम मलाच का फुटला? परवा पुन्हा त्या वर्गावर तास झाला. तिच्याकडं न बघता शिकवलं.

आता आईचं सांगतो. मुद्दा टाळतोय म्हणा हवं तर. आम्ही लासूर स्टेशनचे. माझा धाकटा भाऊ लहानपणी तापातच गेला. डॉक्टर आईला म्हणाले, अंगारे-धुपारे करत बसली असशील घरी. आमच्या घरात बुद्धवंदनेपलीकडं काही नव्हतं — अंगारा यायचा कुठून? आई अजून म्हणते, "म्या येळेवरच नेलं व्हतं रे. पन माझं कुनी ऐकूनच घेतलं नाय." हे ऐकत मी वाढलो. म्हणून तर डॉक्टर झालो, असं चारचौघांत सांगतोसुद्धा. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं.

नेकेसा वैदूकडं गेलीच नव्हती. ताप चढला त्याच सकाळी ती पोराला रंगीत कापडानं पाठीशी बांधून चालत आली. मी बाहेर पडत होतो. परदेशातून आलेले आमचे साहेब गाडीत बसले होते, सगळ्यांनी मिळून तळ्याकाठी जेवायला जायचं होतं. पोराचं रक्त तपासायचं तर परत आत जावं लागलं असतं. पोर हसत होतं — माझं बोट धरलं होतं त्यानं. मी तापाचं औषध तिच्या हातावर ठेवलं, म्हटलं, उद्या ये. गाडीतून कुणी हाक मारली होती का? नाही. कुणी घाईसुद्धा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पोराचे डोळे फिरले होते. आम्ही सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. दुपारी ते गेलं. तिथल्या सिस्टरनं तिला विचारलं, इतका उशीर का केलास?

"जाना," ती हळूच म्हणाली. जाना म्हणजे काल. काल आले होते, ह्याच डॉक्टरांकडं.

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं.

"काल?" मी म्हणालो. "काल मी हिला पाहिलंच नाही. दुःखात काहीही बोलतेय."

वैदू मी नंतर जोडला. संशोधनात तो बरोबर बसत होता. कौतुक झालं, त्यावरच इथली नोकरी मिळाली.

नेकेसा भांडली नाही. भांडली असती तर — मी खरं बोललो असतो? नसतो बोललो. तिनं पोराला त्याच कापडात गुंडाळलं, उचललं. दारापाशी थांबली, आणि तिकडं डॉक्टरांशी बोलायची रीत असते तशी मान लववून म्हणाली, "असांते, डॉक्टर." उपकार झाले.

मी मान डोलावली.