रघूभाऊंनी सजवलेलं घर

रघूभाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं केलं. मग फळीवरचा स्टीलचा डबा उचलून तिथे लोणच्याची बरणी ठेवली, दोन पावलं मागे सरकून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आता वाटते जी, इथं मानसं रायतेत." त्या घरात आम्ही पंधरा वर्षं राहत होतो. बायकोचा चेहरा पाहून मी घाईघाईनं चहाचं नाव काढलं.

अड्याळचा हा माणूस वीस-बावीस वर्षं मुंबईत सिनेमाचे सेट सजवत होता. नायिका जिथे रडे ते स्वयंपाकघर, नायक जिथे मार खाई ते किराणा दुकान, सगळं यांच्या हातचं. पडद्यावर नायिकेचा बाप मेला की आम्ही डोळे पुसायचो आणि हे कोपरानं ढोसायचे, "अवो, तो कंदील पाहा ना! मी लटकवला." माणसांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "मानूस नाटकं करते गुरुजी, भांडं करत नाही," असं ते मला नेहमी सांगत.

असा माणूस दिग्दर्शक व्हायला गावी परतला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. गोसीखुर्द धरणाचं पाणी येणार म्हणून घर सोडणारी एक बाई, एवढीच त्यांच्या सिनेमाची गोष्ट. बाई होत्या सीतामावशी, स्वतः बुडालेल्या गावातून उठून आलेल्या. नोटीस आणणारा साहेब मी. शाळेतून रजा काढून मी आरशासमोर नुसत्या खाकरण्याचाही सराव केला होता.

एक रिकामं मातीचं घर घेऊन रघूभाऊंनी ते आठ दिवस खपून सजवलं. मडकी, सुपं, देवांच्या तसबिरी, दोरीवर विटकं लुगडं. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी घर सोडण्याचा प्रसंग तेवढा राहिला होता. कॅमेऱ्याची मंडळी संध्याकाळी नागपूरला परतणार होती. तो प्रसंग झाला नाही तर रघूभाऊंचा सिनेमा कायमचा अर्धवट राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी गहिवरून नोटीस वाचली. "कट! मडक्याचं तोंड पूर्वेकडे झालं." मडकं चहूबाजूंनी गोल होतं. मी पुन्हा गहिवरलो. "कट! सूप लय खूश दिसून राहिलं." आठव्या वेळेला माझा गहिवर पार आटला आणि नुसता खोकला उरला.

ऊन उतरायला लागलं तशा सीतामावशी पदर खोचून उठल्या. "रघू, हे कोनाचं घर हाय रे?"

"तुमचंच, मावशी."

"मंग एवढं सामान कायले ठेवलं? पानी येनार म्हनल्यावर आमी छपराचे कवेलू उतरवले, कवाडं काढून नेले. नुसती भिताडं रायली."

रघूभाऊंचा चेहरा एवढासा झाला. हातातलं मडकं त्यांनी खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "अन् निंगाल्या तवा काय केलं?" कुणा माणसाला त्यांनी मनापासून काही विचारलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"सारवलं."

"सारवलं? काहून? पानी येऊन राहिलं होतं ना!"

"मंग? मळकं घर देऊ काय पान्याले?"

रघूभाऊ उठले. मडकी, सुपं, तसबिरी, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढलं. दारंही उतरवली. शेण आणलं, कॅमेरा उंबऱ्याबाहेर मांडला. माझी नोटीसही सामानाबरोबर बाहेर गेली, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मावशी मागच्या भिंतीपासून सारवत सारवत मागे मागे दाराकडे सरकत आल्या. उंबऱ्याजवळची शेवटची वीतभर जागा सारवून त्या बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या.

कट कुणी म्हटलंच नाही. शेवटी कॅमेरावाल्यानं विचारलं, "सर, अजून एकदा घ्यायचं?"

रघूभाऊ दारात दोन्ही हात आडवे लावून उभे होते आणि ढसाढसा रडत होते. "ओलं हाय जी," ते म्हणाले. "आत कोनी पाय टाकू नका."