गुलालाची पुडी

फुटबॉल हंगामातला तिसरा सामनाही आमच्या तालमीचा संघ हरला, तशी अख्खी पेठ शिव्या घालत स्टेडियमबाहेर पडली. पायऱ्यांवर मी उरलो आणि शेजारी एक अनोळखी म्हातारबा. जिंकल्यावर उधळायची गुलालाची पुडी त्यांच्या मांडीवर तशीच होती.

"मामा, परत नेताय?" मी विचारलं.

"पयल्या सामन्यापास्नं हीच आणतोय. हरलो की आम्ही दोघं दोस्त हितंच बसून शिव्या घालायचो. गणपतीत त्यो गेला. आता एकट्याला शिवी बी येत न्हाई."

जिंकल्यावर गुलाल कुणीही लावतं. हरल्यावर मात्र आपलंच माणूस लागतं.

मी आमच्या गोलकीपरला एक शिवी घालून पाहिली. पाहुण्यासमोर हसावं तसे म्हातारबा हसले आणि पुडी खिशात घालून उठले.