खंडेनवमीचे पत्रे

वारंगा फाट्यावर माझ्या भावाला कुणी नावानं ओळखत नसे. सगळे त्याला ‘इमानवाला’, म्हणजे विमानवाला, म्हणत. ट्रॉल्यांना वेल्डिंग करण्याचं त्याचं शेड हायवेला लागूनच होतं. टायरवाला, चहावाला, जीपचे ड्रायव्हर, जो तो येताजाता विचारायचा, “काय मालक, इमान कदी उडून राहिलं?” भाऊ हसून सोडून द्यायचा. मला मात्र संताप यायचा. मी सेनगावला शाळेत शिकवत होते, सुट्टीत माहेरी यायचे, आणि त्या टायरवाल्याला मी एकदा भर रस्त्यात फैलावर घेतलं होतं.

चिडवायला निमित्त होतं ते असं. भाऊ काही वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात होता. तिथं विमानाचे हलके भाग बनत. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि हे सगळं खास गोंदानं चिकटवून भट्टीत तापवायचं. खिळा नाही, वेल्डिंग नाही. उचललं तर वजन लागत नाही आणि वर धडधाकट माणूस उभा राहतो. लष्कराच्या हेलिकॉप्टरच्या आतली, पाय ठेवायची जमीन अशी असते, आणि तीही तेव्हा परदेशातून येई, असं भाऊ सांगायचा. छोट्या कारखानदारांनी असल्या वस्तू इथंच बनवून दाखवाव्यात म्हणून दिल्लीची एक योजना होती. पहिल्या टप्प्यात नमुने बनवण्यापुरता पैसा. नमुने पास झाले तर दुसऱ्या टप्प्यात खरी भट्टी, यंत्रं, आणि पुढं ऑर्डर. नमुने नापास झाले तर विषय संपला.

भावाचा अर्ज मंजूर झाला. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. दिल्लीहून फोन करणारे साहेब दर वेळी विचारत, “हिंगोली मतलब, परभणी के पास?” भाऊ दर वेळी तितक्याच नम्रपणे हो म्हणायचा. नोकरी सोडून तो गावाकडं आला होता तो यासाठीच. ट्रॉल्या वेल्ड करत म्हातारं व्हायचं नव्हतं त्याला.

आमचे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झालेले. आई गेल्यापासून ते आणि भाऊ असे दोघंच शेडमागच्या खोलीत राहायचे. गोंद ही गोष्ट काही बाबांना पटत नव्हती. “नट न्हाई, बोल्ट न्हाई, अन् त्याच्यावर मान्सं उभी करून आभाळात न्यायची?” असं ते मला हळूच विचारायचे. पण फाट्यावर कुणी भावाला हसलं की तेच बाबा छाती काढून सांगायचे, “मिल्ट्रीचं काम हाय ते. तुमच्या ट्रॉलीचं न्हाई.”

पत्रे चिकटवण्याआधी तेजाबात धुवायचे आणि त्यानंतर फक्त हातमोजे घालून धरायचे. बोटाचा नुसता घाम लागला तरी तिथं गोंद धरत नाही. म्हणून भावानं लोखंडी कपाटावर पांढऱ्या रंगात पाटी रंगवली होती: हात लावू नये. बाबांना वेगळं बजावलं होतं, “बाबा, ह्याला हात लावायचा न्हाई, बरं का.” बाबा म्हणाले होते, “न्हाई लावत रे. मला काय कळत न्हाई का?”

नवरात्रात पत्रे धुऊन तयार झाले, कागदात गुंडाळून कपाटात गेले, आणि फाट्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आधीच लोडशेडिंग, त्यात हे. नमुन्यांपुरती केलेली छोटी विजेची भट्टी चालायची कशावर? भाऊ भाड्यानं जनरेटर आणायला नांदेडला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊनच आला. उशीर झाला होता, जनरेटरचा भरवसा नव्हता, म्हणून घाईघाईनं गोंद लावून त्यानं नमुने भट्टीत घातले. बाहेर निघाले तेव्हा इतके देखणे दिसत होते की बाबांनी टायरवाल्याला बोलावून दाखवले. मग ते खोक्यात भरून तपासणीसाठी दिल्लीला गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी होते तेव्हा नमुने परत आले. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की जोड सुटला, नमुने नापास. भावानं खोकं उघडलं. पत्रे जाळीपासून सुटून आले होते. तो एकेक पत्रा खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून बघू लागला, आणि एका पत्र्यावर थांबला. मीही वाकून पाहिलं. गोंद सगळीकडं खरबरीत चिकटलेला होता. मध्येच एक जागा मात्र लख्ख राहिली होती, अंगठ्याएवढी. तिच्यावर फिकट गुलाबी झाक होती. दुसऱ्या पत्र्यावर तशीच. तिसऱ्यावरही.

बाबा दारात उभे होते. त्यांना फक्त नापास एवढंच कळलं होतं.

“असं काहून झालं रे?” ते म्हणाले. “म्या तर पूजा बराबर केलती. तू नांदेडला गेलता तवा खंडेनवमी व्हती. जल्मभर पान्ह्यांची पूजा केली म्या. म्हटलं, ह्या घरात खरं हत्यार तर औंदा आलं. कपाटातून समदे पत्रे काढले, हळदकुकू लावलं, फूल वाह्यलं. अन् मंग तेवढं कुकू तेलाच्या फडक्यानं सोच्छ पुसून जसेच्या तसे गुंडाळून ठिवले.”

“हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं होतं ना तुमाला!” मी ओरडलेच.

“आंघोळ करून लावला ना, माय,” बाबा म्हणाले. “पारोशानं न्हाई लावला.”

मी पुढं बोलणार होते. शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. भावानं हातातला पत्रा उलटा करून खोक्यात ठेवला आणि म्हणाला, “ताई, चहा ठेव.” त्याच्याकडं पाहिलं आणि मी चहाचं पातेलं उचललं. मग तो बाबांना म्हणाला, “लाइट गेलती ना बाबा. भट्टी बराबर तापली न्हाई. पूजेचं काही न्हाई त्याच्यात.”

मागच्या मोरीपाशी मी त्याला गाठलं. “दिल्लीला खरं कारण कळव. माणसं आहेत ती, पुन्हा संधी देतील.”

“काय कळवू?” तो म्हणाला. “आमच्याकडं कपाटाला कुलूप न्हाई, अन् बाप मालाला कुंकू लावतो? अशा जागेला पुढचा पैसा कोण देऊन राहिला, ताई?”

त्याला राग यावा, त्यानं आदळआपट करावी असं मला फार वाटत होतं. त्यानं तोंड धुतलं आणि एका ट्रॉलीचं काम पुरं करायला गेला. त्याच वर्षी कपाट मागच्या खोलीत बाबांपाशी ठेवून, शेड भाड्यानं देऊन तो पुण्याला, दुसऱ्याच्या कारखान्यात, लागला. तिथं तो वॉशिंग मशीनच्या झाकणांचं काम बघायचा. विमानाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. फाट्यावरचे लोक मात्र काढत. मी बाबांवर मनातून कित्येक वर्षं धुमसत होते, आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं म्हणून जास्तच धुमसत होते.

बाबांनी आपला हिशेब वेगळाच लावला. लाइटीचं कारण त्यांना पटलं नव्हतं. “पूजेत कायतरी कमी राह्यलं माझ्याकून,” ते मला म्हणाले. “घाईत केली. नारळ फोडला नव्हता.” त्यानंतर दर खंडेनवमीला ते सकाळपासून उपाशी राहायचे, नारळ आणायचे, झेंडूची माळ आणायचे, आणि उरलेले पत्रे असलेल्या त्या कपाटापुढं बसायचे. कपाट मात्र उघडत नसत. पाटीकडं बोट दाखवून म्हणत, “मालकाची परवानगी न्हाई.” आणि बंद दाराला कुंकू लावायचे. भावाची भरभराट व्हावी म्हणून डोळे मिटून पुटपुटत राहायचे.

त्यांच्या शेवटच्या नवरात्रात आम्ही दोघंही आलो होतो. बाबांना नीट दिसत नव्हतं, बसवतही नव्हतं. भावानं त्यांना कपाटापुढं उशीला टेकवून बसवलं. मग कपाट उघडलं, कागद सोडला, त्या वेळी धुऊन ठेवलेला आणि न वापरलेला एक पत्रा काढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी हात झटकन मागं घेतले.

“पाटी हाय ना तिथं,” ते म्हणाले.

भावानं त्यांचा अंगठा धरून कुंकवात बुडवला.

“लावा, बाबा,” तो म्हणाला. “हात लावा.”