भाऊंच्या बंदुकीचा दुसरा बार

बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बंदुका कमी येतात आणि गोष्टी जास्त. मिक्सर बिघडला तर माणूस सरळ सांगतो, ‘चटणी करताना बंद पडला.’ बंदूक बिघडली तर तो आधी आजोबांनी मारलेल्या डुकराची लांबी-रुंदी सांगतो, मग चहा पितो, मग बिघाडाकडे वळतो! मांडवीला माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून अण्णांचं लायसन्सवालं बंदुकीचं. त्यामुळे माझे हात मिक्सरमध्ये आणि कान अण्णांकडे. गोष्टी साठणार नाहीत तर काय होणार?

*

एकदा एक रिटायर्ड मास्तर आले. म्हणाले, ‘नळी वाकडी झाल्ये. नेम सारखा डावीकडे जातो.’

अण्णांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. पुसली, परत पाहिली. मग म्हणाले, ‘मास्तर, समोरच्या कॅलेंडरवर आज कुठली तिथी आहे?’

मास्तर म्हणाले, ‘कुठलं कॅलेंडर?’

‘बंदूक घरी न्या. चष्म्याचं दुकान पुढच्या गल्लीत आहे!’

*

पण खरे किस्से भाऊंच्या रायफलचे. भाऊ आंब्याचे बागायतदार. बंदूक त्यांच्या वडिलांची, शिकारीची, जुनी सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक बार उडाला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर आणि दुसरं आपोआप आत. हल्ली भाऊ ती फक्त वानरं हाकायला हवेत उडवायचे. या थंडीत ती पहिल्या बाराला ठणठणीत वाजायची आणि दुसऱ्याला अडकायची.

भाऊ पहाटे चिडायचे, दुपारी दुकानात यायचे. अण्णा नकली काडतुसं भरून हाताने चालवून बघायचे. सगळं लोण्यासारखं!

‘भाऊ, हिला काही झालेलं नाही.’

‘तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते ओ! घरी गेली की मेलीचे नखरे सुरू!’

भाऊंच्या आवाजात रडू होतं. कारण मुंबईच्या मुलाने फोनवर बजावलं होतं, ‘बाबा, या मोहोरात ही चालली नाही तर पोलीस स्टेशनला कायमची जमा करून टाका. कशाला ती जोखीम घरात?’ वडिलांची तेवढीच एक वस्तू भाऊंकडे उरली होती. मला खरंच वाईट वाटायचं. हसू पण यायचं, ते मी मिक्सर चालू करून लपवायचो.

*

एक दिवस अण्णांनी बंदूक उघडली आणि ओरडले, ‘हे आत मीठ कुणी घातलं?’

‘घातलं नाय ओ,’ भाऊ म्हणाले. ‘दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळताना चार खडे सांडले असतील.’

‘लोखंडाला मीठ? भाऊ, उद्या लोणचं घालाल हिचं!’

*

मग भाऊंनी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि निकाल आला की दोष बंदुकीत नाही, घरात आहे.

भाऊंनी लगेच बंदुकीचं कपाट दक्षिणेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीला हलवलं. चार माणसं लागली. एकाच्या पायावर कपाट आलं. कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे वहिनींच्या कमरेला, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या. वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘देव म्हणाला ते खरंच असणार.’

बंदूक तशीच राहिली. लंगडणारा माणूस तेवढा वाढला.

*

वानरंही हुशार. पहिल्या बाराला शेंड्यावर जायची, जरा थांबायची आणि दुसरा बार येत नाही म्हटल्यावर आरामात खाली यायची. एकदा भाऊंना राहवलं नाही. अडकलेली बंदूक रोखून ते तोंडाने ओरडले, ‘ठो! ठो! ठो!’

‘मग?’ अण्णांनी विचारलं.

‘त्यातला म्हातारा हुप्प्या फांदीवर बसला. माझ्याकडे बघितलान आणि मोहोराची डहाळी मोडून खाल्लीन.’

त्या दिवशी माझा मिक्सर बराच वेळ चालू होता.

*

शेवटी अण्णा म्हणाले, ‘आजारी माणसाला त्याच्या घरी जाऊन बघायला हवं.’ दोघं पहाटे भाऊंच्या बागेत गेलो. कडाक्याची थंडी. एक बार झाला, दुसरा अडकला. अण्णांनी जागेवरच बंदूक उघडली. आत सगळीकडे पांढरं, घट्ट काहीतरी. अण्णांनी बोट लावून वास घेतला.

‘भाऊ, हे खोबरेल आहे! पहाटे गोठतं आणि दुसरं काडतूस आत सरकू देत नाही, दुपारी माझ्याकडे येईपर्यंत वितळतं. बंदुकीला तेल घालता की वेणी घालता?’

थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतच आम्ही सगळे मोठे झालो, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! भाऊ म्हणाले, ‘मी कशाला घालीन? मला वाटलं तुम्हीच घातलंत.’ वहिनी चहा देऊन आत गेल्या.

अण्णांनी सगळं साफ केलं, बंदुकीच्या तेलाची बाटली भाऊंच्या हातात दिली. दुसऱ्या पहाटे पाच बार ओळीने उडाले. भाऊ अण्णांना फोन करून आनंदाने रडले.

*

पुढच्या सोमवारी भाऊ परत दारात. ‘अडकली!’ या वेळी बरोबर वहिनीही होत्या, बाजाराची पिशवी घेऊन. अण्णांनी बंदूक उघडून वास घेतला. खोबरेल!

‘खरं सांगा भाऊ, कोण घालतं?’

‘आईशपथ, मी नाय!’

‘मी घालते,’ वहिनी म्हणाल्या. ‘शनिवारी मारुतीला तेल वाहून येते, वाटीत उरतं ते हिच्यात ओतते. वानरं कुणाची आहेत, अण्णा?’

अण्णांनी मारुतीच्या नावाने कानाला हात लावला.

‘अगो, मग पहिला बार तरी कशाला उडू देतेस?’ भाऊ किंचाळले.

‘एखादा चालतो. धाक हवाच. पण पाच-पाच बार काढलेत, तर शनिवारी त्याच्यासमोर उभं कुणी राहायचं? तो तुम्हाला ओळखत नाय. मला ओळखतो!’

तेवढ्यात मुलाचा फोन. ‘बाबा, काय झालं? जमा करायची का बंदूक?’

भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘कशाला जमा करायची?’ भाऊ फोनवर म्हणाले. ‘अगदी ठणठणीत आहे!’

फोन खिशात टाकून त्यांनी बंदुकीच्या तेलाची ती बाटली अण्णांपुढे ठेवली.

‘ही तुम्हालाच असू दे, अण्णा. दुसरा बार मी तोंडाने काढीन.’