पैलवानाची पिल्लं

ग्रंथालयामागच्या बोळात काकांचं बाइंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायची खोली. दुकानात खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या चळती आणि पायाशी कागदाच्या कातरणीचा ढीग. काकांचं वय पासष्टच्या पुढे, लग्न केलं नाही. हात अतिशय सफाईदार, जीभ तितकीच तिखट. पानांचे फर्मे शिवताना एक टाका सैल पडला तर सगळं पुस्तक उसवून पुन्हा शिवतील, पण माणसांच्या बाबतीत एकदा तुटलं की तुटलं.

ससा त्यांच्या गळ्यात पडला तो वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंमुळे. बाईंची बदली झाली. घरात दोन ससे होते. एकाची सोय लागली, दुसऱ्याला कुणी घेईना.

"दोघंही नर आहेत हो काका, काही त्रास नाही," बाई म्हणाल्या.

"ठेवा तिथे. मला माणसांचा कंटाळा आहे, सशाचा नाही," काका म्हणाले आणि पिंजरा आत घेतला.

ससा राखाडी, गुबगुबीत. रागावला की मागचा पाय धपकन आपटायचा, म्हणून त्याचं नाव पैलवान. गिऱ्हाइकाशी "गुरुवारी या" एवढंच बोलणारे काका पैलवानाशी दिवसभर गप्पा मारू लागले. मी जुनी मासिकं बांधायला द्यायला जायचो, तर मला स्टुलावर बसवून त्याच्या खोड्या सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तीनेक आठवड्यांनी पैलवानाचं काहीतरी बिनसलं. तोंडात मावेल तेवढी कातरण घेऊन तो पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात रचायला लागला. मग स्वतःच्याच छातीवरचे केस उपटून त्यात घालायला लागला. काकांना वाटलं, खरूज झाली. त्यांनी त्याला तेल चोळलं आणि केसाकागदाचा तो गुंता कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पुन्हा तेच. काकांनी पुन्हा सगळं काढलं आणि या वेळी तळाचा पत्राही धुऊन लख्ख केला.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताईंनी डोकावून पाहिलं. "काका, हा ससा आहे की सशीण? मला तर ही बाळंतपणाची तयारी दिसतेय."

"चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय. मला अक्कल शिकवू नका."

"पुस्तकांना पिल्लं होत नाहीत काका," ताई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं, तर उघड्या पत्र्यावर सहा पिल्लं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, बोटाएवढी लांब. एक गार पडलं होतं. उरलेली पाच काकांनी ओंजळीत घेतली. पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून ताईंना हाक मारली. ताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणाले.

पाचही पिल्लं पिंजऱ्यातच कापसावर ठेवली. पैलवानाला आता काय म्हणावं हेही त्यांना सुचेना. ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली होती. गवत चघळत होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली, ती पिल्लांच्या जवळ फिरकली नाही. काकांचा पारा चढत गेला.

"कसली आई आहेस गं तू? पाच पोरं टाकून खुशाल खात बसलीस!"

त्यांनी पिल्लं बुटाच्या खोक्यात घालून आतल्या खोलीत नेली, दार लावलं आणि चहाचं दूध कोमट करून ड्रॉपरनं पाजायला सुरुवात केली. बाहेर ती पाय आपटत राहिली. "आता कशाला?" काका आतून ओरडले. दोन दिवसांत तीन पिल्लं गेली. मग मात्र ते घाबरले. उरलेली दोन आणि त्यांची आई घेऊन ते जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, ससे पिल्लांजवळ बसून राहत नाहीत. आई दिवसातून एकदोनदा येते, पाच मिनिटं पाजते आणि लांब जाऊन बसते. कुणाला पिल्लांचा ठावठिकाणा लागू नये म्हणून."

"म्हणजे ती त्यांना विसरली नव्हती?"

"नाही हो. ती तुमच्यासमोर त्यांना सांभाळतच होती. आणि ते केस तिनं पिल्लांच्या उबेसाठीच काढले होते. ही दोन तिच्याजवळ परत ठेवा. ती घेईल."

तिनं घेतली. काका दुसऱ्या दिवशी पहाटे दाराआड उभे राहिले. ती पिंजऱ्यात ठेवलेल्या खोक्यात उतरली, पिल्लांवर वाकून उभी राहिली आणि थोड्या वेळानं निघून परत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. काका तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

मी दुपारी गेलो तेव्हा ते माझ्याशी आपल्या बहिणीबद्दल बोलले. त्यांना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं.

धाकटी बहीण. नवरा वारला तेव्हा मुलगी एक वर्षाची. तिला परगावी नर्सची नोकरी लागली, राहायला हॉस्टेलची एक खाट. मुलीला तिनं आईकडे ठेवलं, म्हणजे काकांच्याच घरी. दर रविवारी यायची. यायची तेव्हा दमलेली असायची. पोरीला फार कुरवाळायची नाही, संध्याकाळी मागे वळून न बघता बस पकडायची. अशाच एका रविवारी काका पाहुण्यांसमोर तिला म्हणाले, "जनावरसुद्धा आपलं पिल्लू असं टाकून जात नाही." तिनं उठून पोरीचे चार कपडे पिशवीत भरले, पोरीला कडेवर घेतलं आणि गेली. पुढे आई वारली तेव्हा आली, दाराशी उभी राहिली, तशीच परतली. त्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"मागे वळून का बघत नव्हती, हे मी तिला कधी विचारलंच नाही रे," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते तिच्या गावी गेले. दार भाचीनं उघडलं. "कोण हवंय?" तिनं विचारलं. काकांना आपलं नातं सांगताना लाज वाटली. बहीण बाहेर आली. केस पांढरे झाले होते. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. काकांनी सशापासून सुरुवात केली आणि त्या रविवारपर्यंत आले.

"मी चुकलो," ते म्हणाले.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "मागे वळले असते तर गाडीत चढताच आलं नसतं, दादा. तेव्हा घरातल्या कुणीतरी एकानं म्हणायला हवं होतं, की जा, आम्ही आहोत."

"तुझा राग जायला मी काय करू?"

"राग नाहीये आता. खूप वर्षांपूर्वीच गेला. तू जेवून जा."

ते जेवले. जेवताना बोलणं गुडघेदुखीवर आणि बसच्या वेळांवर झालं. भाची त्यांना 'अहो' म्हणत होती.

दोन्ही पिल्लं जगली. एक ताईंनी नेलं, एक काकांकडे आहे. पैलवान म्हातारी झाली, नाव तेच राहिलं. काका अधूनमधून बहिणीला फोन करतात. ती उचलते, तब्येत विचारते, गॅसवर काहीतरी आहे म्हणून ठेवते. ये म्हटलं तर 'बघते' म्हणते. या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली.

"ती रागावलेली असती तर बरं होतं," परवा पुठ्ठ्याला खळ लावता लावता काका मला म्हणाले. "रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते."